गाठीच्या रिपोर्टात रो-बीटीबी२ सापडलं, म्हणून मावशीचे उपचार बदलायचे का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मावशीला ५२ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं आणि गाठीची एनजीएस तपासणी, म्हणजे गाठीच्या डीएनएतले पुष्कळ जीन एकदम वाचणारी तपासणी, करून घेतली. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ‘आरएचओबीटीबी२’ (म्हणजेच रो-बीटीबी२) या जीनमधला एक बदल दिलाय. नमुन्यात गाठीच्या पेशींचं प्रमाण ६० टक्के, व्हीएएफ (त्या जागेच्या वाचलेल्या डीएनए-तुकड्यांपैकी बदल असलेल्यांचा वाटा) ६ टक्के, आणि पुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा. ताईंनी शोधलं तर एका ठिकाणी हा ‘स्तनाच्या कर्करोगात नाहीसा होणारा जीन’ असं वाचायला मिळालं. दुसरीकडे लहान मुलांच्या फिट्सचा उल्लेख दिसला. तिसरीकडे असं होतं की याच घराण्यातलं आरएनडी३ नावाचं प्रोटीन काही कर्करोगांना रोखतं आणि काहींना पसरायला मदत करतं. मग खरं काय, यावर औषध आहे का, आणि आम्ही भाच्यांनी तपासून घ्यायचं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, उत्तर आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचताना जीव टांगणीला राहायला नको. या एका ओळीवरून मावशींचे उपचार बदलायचे नाहीत, आणि या ओळीवरून तुम्ही कुणी घाबरायचंही कारण नाही. का, ते मात्र सविस्तर सांगते, कारण तुम्हाला दिसलेली विसंगती खरी आहे आणि ती या प्रोटीनांच्या स्वभावातूनच येते.

मी मुंबईत मॉलिक्युलर पॅथॉलॉजीत काम करते. गाठींचे जनुकीय रिपोर्ट वाचायचे आणि ट्यूमर बोर्डात ऑन्कॉलॉजिस्टना त्यांचा अर्थ सांगायचा, हे माझं रोजचं काम. फाइल घेऊन येणारे नातेवाईक बहुतेक वेळा विचारतात, ‘हा जीन काय करतो?’ पण त्यांना हवं असतं ते वेगळंच: हा बदल गाठ वाढवतोय का, की तो गाठीत नुसता सापडलाय? गाठीच्या पेशी वर्षानुवर्षं विभागत असतात, त्यात डीएनएच्या नकला करताना असंख्य चुका साठतात. त्यातल्या मोजक्याच गाठीला पुढे ढकलतात. बाकीच्या प्रवाशासारख्या सोबत येतात. कुठली चूक कुठल्या प्रकारची, हे ठरवण्यात आमचा सगळा वेळ जातो.

आता मूळ मुद्दा. पेशीत संदेश पोचवणाऱ्या छोट्या प्रोटीनांचं एक प्रचंड कुळ आहे, त्याला रासचं कुळ म्हणतात. माणसात त्याचे दीडशेहून अधिक सदस्य आहेत. त्यांची नेहमीची रीत सोपी आहे. जीटीपी नावाचा रेणू धरला की प्रोटीन ‘चालू’. त्या जीटीपीतला एक फॉस्फेट तोडला, जीडीपी उरला, की ‘बंद’. चालू करायला एक प्रकारची मदतनीस प्रोटीनं असतात, त्यांना जेफ म्हणतात. बंद करायला दुसऱ्या प्रकारची, ती गॅप. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत दिसलं की रासच्या १२ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललंय, आणि तेवढ्यानं प्रोटीनची बंद होण्याची क्षमताच जाते. म्हणून केआरएएससारख्या रास जीनचा रिपोर्ट वाचणं त्या मानानं सोपं असतं. डीएनएमध्ये ठराविक जागी बदल दिसला की स्विच अडकलाय हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो.

रो हे त्याच कुळातलं एक घर. यात २० जण आहेत. पेशीचा आकार, तिची पकड, तिचं सरकणं हे प्रामुख्यानं यांच्या हातात असतं. रो-ए, रॅक१, सीडीसी४२ ही त्यातली नावाजलेली मंडळी वर सांगितलेल्या रीतीनंच चालतात. पण आठेक जण ती रीत पाळत नाहीत. आरएनडी१, २ आणि ३, रो-एच, रो-यू, रो-व्ही, रो-बीटीबी१ आणि तुमच्या रिपोर्टातलं रो-बीटीबी२. यांना अटिपिकल, म्हणजे रीतीबाहेरचे, म्हणतात. यातल्या आरएनडी आणि रो-एच यांना जीटीपी तोडताच येत नाही, त्यामुळे ते कायम चालू अवस्थेत असतात. रो-यू, रो-व्ही हे जीडीपी टाकून नवा जीटीपी इतक्या झपाट्यानं उचलतात की व्यवहारात तेही बहुतेक वेळ चालूच. जिन्यातला बटण नसलेला दिवा असतो ना, होल्डरमध्ये बल्ब आहे तोवर पेटलेला, अंधार हवा असेल तर बल्बच काढून घ्यायचा, तसा हा प्रकार आहे.

आणि इथेच सगळं बदलतं. चालू-बंद नसेल तर पेशी यांच्यावर ताबा ठेवते कसा? तीन मार्गांनी. प्रोटीन किती बनवायचं, बनलेलं किती लवकर मोडून टाकायचं, आणि ते पेशीत कुठे ठेवायचं. आरएनडी३ घ्या. हे पेशीच्या आवरणाला चिकटून काम करतं. रॉक१ नावाचं एन्झाइम त्यावर फॉस्फेट चिकटवतं, मग १४-३-३ नावाची प्रोटीनं त्याला धरून आवरणावरून सोडवतात आणि आत आणतात. प्रोटीन तेच, जीटीपीही तसाच, पण जागा सुटली की काम थांबलं. आता हे तुमच्या डीएनए रिपोर्टात कुठल्या रकान्यात दिसणार? कुठल्याच नाही. या मंडळींविषयी विचारायचं असतं ते ‘जीनमध्ये बदल आहे का’ हे नव्हे. प्रोटीन किती आहे आणि कुठे आहे, हे विचारायचं असतं. एनजीएसचं सर्वसाधारण पॅनेल, म्हणजे तपासायच्या जीनचा संच, नेमकं तेवढंच सांगत नाही.

उलटही होतं. बदल दिसतो, पण त्याला अर्थ नसतो, किंवा वेगळाच असतो. रो-एच हे मुख्यतः रक्तपेशींतलं प्रोटीन. १९९५ साली ते एका लिम्फोमात (लसिका पेशींच्या कर्करोगात) सापडलं, ३ ऱ्या आणि ४ थ्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हा जीन बीसीएल६ या जीनला जोडला गेला होता. पुढे २००१ मध्ये दिसलं की डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात रो-एचच्या सुरुवातीच्या भागात ढीगभर बदल असतात. त्याचं कारण असं की बी पेशी अँटिबॉडीचे जीन मुद्दाम बदलत असतात, आणि ती यंत्रणा भरकटून भलत्याच काही जीनवरही हात मारते. तो रो-एचवर पडलेला डाग असतो. त्यानंच लिम्फोमा झाला, असं त्यावरून म्हणता येत नाही. त्याच रो-एचचं प्रमाण हेअरी सेल ल्युकेमियात घटलेलं असतं, तर सीएलएल या ल्युकेमियाच्या उंदरांतून रो-एच काढून टाकलं तेव्हा आजार मंदावला. म्हणजे एकीकडे कमी झालेलं, दुसरीकडे कर्करोगाला हवं असलेलं. कारण टी पेशींत झॅप-७० हा संदेशवाहक जागेवर बसवायला रो-एच लागतं, सीएलएलच्या पेशी तीच सोय स्वतःसाठी वापरतात, आणि हेअरी सेलचं तंत्र निराळं.

आरएनडी३ च्या विसंगतीवर जरा थांबते, कारण तुमचा गोंधळ तिथे झालाय. आरएनडी३ चं मुख्य काम रो-एला आवर घालायचं. ते दोन बाजूंनी होतं: एका गॅपला हाताशी धरून रो-ए बंद करायचं, आणि रो-एच्या पुढची पायरी असलेल्या रॉक१ ला थेट अडवायचं. रो-ए आणि रॉक हे पेशीला आवळणारे हात आहेत, त्यांच्या जोरावर पेशी आक्रसते, खेचते, चिकटून राहते. शिवाय आरएनडी३ सायक्लिन डी१ चं उत्पादन कमी करून पेशीचं विभाजनही धीमं करतं, आणि पी५३ हे कर्करोग रोखणारं प्रोटीन त्याची पातळी वाढवतं. एवढं वाचून कुणीही म्हणेल, हा तर राखणदार. यकृताच्या कर्करोगात तसं दिसतंही. तिथे आरएनडी३ घटलेलं असतं, आणि घटलं की पेशी आसपासच्या ऊतीत घुसू लागतात. पण मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, जिथे बीआरएएफ या जीनमधला व्ही६००ई नावाचा बदल असतो, तिथे तोच बदल आरएनडी३ वाढवून ठेवतो आणि पेशीला घुसायला ते लागतं.

यात खोटं कुणीच बोलत नाही. कर्करोगाची पेशी ऊतीतून दोन तऱ्हांनी सरकते. एक, गोल होऊन, आक्रसण्याच्या जोरावर फटींतून दाबून पुढे जायचं. त्याला रॉक भरपूर लागतं. दुसरी, लांबट होऊन, पुढे पाय टाकत आणि वाटेतलं जाळं विरघळवत जायचं. त्याला रॉक कमी असलेलं बरं. आरएनडी३ रॉकला खाली आणतं, त्यामुळे पहिल्या तऱ्हेच्या पेशीला ते अडसर आणि दुसरीला सोय. कुठली गाठ कुठली तऱ्हा वापरेल हे ऊतीवर आणि तिच्या बाकीच्या म्युटेशन्सवर अवलंबून असतं. एकाच गाठीच्या मध्यभागी एक आणि कडेला दुसरी अशीही स्थिती असू शकते. म्हणून ‘आरएनडी३ चांगलं की वाईट’ या प्रश्नाला अवयवाचं नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही. जो लेख ते देतो त्यावर विश्वास ठेवू नका.

याच घराच्या उंबरठ्यावरचं एक उदाहरण सांगायलाच हवं. रॅक१ हे रीतसर वागणारं प्रोटीन. पण त्याच जीनमधून, आरएनएच्या तुकड्यांची जोडणी वेगळी होऊन, रॅक१बी नावाची आवृत्ती तयार होते. तिच्यात १९ अमिनो आम्लं जादा असतात. ती १९९९ मध्ये आतड्याच्या गाठींत सापडली, आणि तिचं वागणं रो-यूसारखं, म्हणजे बहुतेक वेळ चालू. डीएनए तपासला तर रॅक१ अगदी स्वच्छ दिसेल. बिघाड आरएनएच्या पायरीवर आहे, तिथे बघणाऱ्यालाच तो दिसतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. रो-बीटीबी२ या घरातलं आडदांड मूल आहे. इतर रो प्रोटीनांत दोनशेच्या आसपास अमिनो आम्लं असतात, यात सातशेहून जास्त. त्याच्या शेपटीकडे दोन बीटीबी भाग आहेत, आणि त्यातून ते क्युलिन-३ नावाच्या यंत्रणेला जोडलं जातं. ही यंत्रणा नको असलेल्या प्रोटीनांवर खूण करून त्यांना मोडीत काढते. मजा अशी की रो-बीटीबी२ तिला सावज आणून देतं आणि स्वतःही तिच्याच हातून मोडीत निघतं. २००२ मध्ये हा जीन स्तनाच्या कर्करोगात ८ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवरच्या, दोन्ही प्रती गळून गेलेल्या एका तुकड्यात सापडला. म्हणूनच ‘स्तनाच्या कर्करोगात नाहीसा होणारा’ हे नाव पडलं. ज्या कर्करोगपेशींत तो गप्प होता त्यांत तो परत घातला तर वाढ मंदावली, आणि एका गाठीतून मिळालेली बदललेली आवृत्ती घातली तर मंदावली नाही. पुरावा चांगला आहे, मी तो हलका मानत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. या जीनमधले अक्षरबदल गाठींत क्वचित मिळतात. जास्त वेळा तुकडा गळतो किंवा जीन गप्प केला जातो. आणि त्या बाहूचा तुकडा स्तनाच्या गाठींत बऱ्याचदा गळतो तेव्हा रो-बीटीबी२ एकटं जात नाही. जवळच डीएलसी१ नावाचा, रो-एला बंद करणारा गॅपचा जीन आहे, तोही सोबत जातो. मग दोष कुणाच्या माथी मारायचा?

फिट्सच्या पानाबद्दल: ते २०१८ चं संशोधन आहे आणि वेगळ्या आजाराचं आहे. त्यात बाळाच्या सर्व पेशींत जन्मापासून रो-बीटीबी२ चे विशिष्ट बदल असतात, बहुधा बाळातच नव्यानं झालेले, आणि त्यामुळे प्रोटीन मोडीत निघत नाही, साठत जातं. गाठीत ते कमी पडल्याची तक्रार, इथे जास्त झाल्याची. तेव्हा ते पान तुमच्यासाठी नाही, बंद करून टाका.

मग ६ टक्क्यांचं काय? माझ्या टेबलावर असा रिपोर्ट आला तर मी करते ते सांगते. आधी गणित. तुकड्यातल्या ६० टक्के पेशी गाठीच्या असतील आणि बदल त्या सगळ्यांत, दोनपैकी एका प्रतीवर असेल, तर व्हीएएफ ३० च्या आसपास यायला हवा. ६ म्हणजे, असलाच तर, गाठीच्या पाचातल्या एका पेशीत. म्हणजे गाठ सुरू झाली तेव्हा तो नव्हता, मागाहून एका फांदीत आला. ‘असलाच तर’ का म्हटलं? कारण नंतर मी स्क्रीनवर डीएनएचे मूळ तुकडे उघडून बघते. मेणाच्या ब्लॉकमधलं ऊतक फॉर्मेलिनमध्ये ठेवलेलं असतं, आणि फॉर्मेलिननं डीएनएतलं सी हे अक्षर टीसारखं वाचलं जातं. असे खोटे बदल नेमके कमी टक्केवारीत दिसतात. तेव्हा बदल सीचा टी झालाय का, तो दोन्ही दिशांनी वाचलेल्या तुकड्यांत आहे का, की एकाच बाजूच्या कडेला गर्दी करून बसलाय, हे तपासते. मग तो प्रोटीनच्या कुठल्या भागात येतो ते. बीटीबी भागात, क्युलिन-३ ला धरायच्या जागी असेल तर मी थांबून विचार करेन. बाकी ठिकाणी असेल तर पुढे जाईन. शेवटी आपल्या लोकांतल्या नोंदी बघते. जागतिक संग्रहांत भारतीय कमी असल्यामुळे आपल्याकडे सहज आढळणारे बदलही ‘अनोळखी’ म्हणून छापले जातात. भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या इंडिजेन प्रकल्पातल्या हजारभर आणि जीनोम इंडियातल्या १०,००० जणांच्या माहितीमुळे ही अडचण हळूहळू कमी होतेय. ६ टक्के असल्यानं तुमच्या बाबतीत मात्र ही शेवटची पायरी गौण आहे.

औषधाचं विचारलंत. रो-बीटीबी२ वर औषध नाही, आणि या घरातल्या कुणावरच कर्करोगासाठी मंजूर औषध नाही. केआरएएसचं सोटोरासिब २०२१ मध्ये आलं. ते प्रोटीन जीडीपी धरून बंद असताना त्याला पकडून ठेवतं. जे प्रोटीन बंदच होत नाही त्याला तसं पकडणार कसं? आणि जे गायब झालंय ते परत आणणं तर त्याहून अवघड. रॉकला अडवणारी औषधं आहेत. फासुडिल जपानमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानंतर वापरतात, नेटार्सुडिल काचबिंदूसाठी, बेलुमोसुडिल बोन मॅरो प्रत्यारोपणानंतरच्या एका गुंतागुंतीसाठी. कुणी वाचून ‘मग हेच देऊन बघू’ म्हणालं तर कृपया देऊ नका. वरचं आरएनडी३ चं वाचलंत ना, रॉक दाबल्यावर पेशी थांबेल की दुसऱ्या तऱ्हेनं चालू लागेल, हे कुणी तुम्हाला हमीनं सांगू शकत नाही.

मावशींचे उपचार ठरतात ते तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवर: गाठीच्या पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर (ईआर, पीआर) आणि हर२ हे प्रोटीन काय आले, काखेतल्या गाठींत आजार होता का, तो इतरत्र पसरलाय का. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्या, हर२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमाब, याला तोड नाही. आजार ईआर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह असून पसरलेला असेल तर त्याच एनजीएसमध्ये पीआयके३सीए या जीनमधला बदल बघा, त्यावर औषध आहे. आजार पसरलेला नसेल तर इतकं मोठं पॅनेल करायची गरज बहुतेकदा नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक दागिने मोडून ही तपासणी करतात आणि हाती अशा ‘अनिश्चित’ ओळी येतात, याचं मला वाईट वाटतं. दुसरं मत हवं असेल तर जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजीतून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, त्या पेशंटच्या हक्काच्या आहेत. टाटा हॉस्पिटलच्या परळला असो की खारघरला, तिथला पॅथॉलॉजिस्ट आधी ब्लॉकच मागेल.

राहिला तुमचा आणि बहिणींचा प्रश्न. जन्मजात बदल गाठीतही आणि आसपासच्या निरोगी पेशींतही असतो, त्यामुळे त्याचा व्हीएएफ ५० च्या जवळपास असतो. एक प्रत गळाली असली तरी तो तुमच्या मावशींच्या नमुन्यात ६ पर्यंत खाली येणार नाही. तेव्हा रो-बीटीबी२ साठी कुणीच तपासणी करायची नाही. घराण्याचा प्रश्न विचारायचाच तर तो बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या, बिघडले तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, जीनचा. मावशींचा आजार ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर२ तिन्ही निगेटिव्ह) असेल, किंवा घरात आणखी कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर रक्ताची तपासणी आधी मावशींची करायची, तुमची नव्हे. त्यांच्यात घातक बदल सापडला तर तुमच्या आईत तो असण्याची शक्यता निम्मी, म्हणून दुसरा नंबर आईचा. आईत नसेल तर त्या बदलापुरती तुम्हा बहिणींना तपासणी लागत नाही. असेल तर प्रत्येकीनं जेनेटिक काउन्सेलरशी बोलून, आपापल्या सवडीनं, वेगवेगळी करायची. वडिलांच्या बाजूला असे आजार असतील तर तेही काउन्सेलरला सांगा. बीआरसीए वडिलांकडूनही येतो, आणि आपल्याकडे ती बाजू विचारायची राहून जाते.